खोलींतील केशर : फुलांचा हिशेब व कंदांचा हिशेब

गेल्या कांहीं वर्षांत “घरच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलींत केशर पिकवा” अशा अर्थाच्या जाहिराती व चित्रफिती आमच्या शेतकरी बंधूंच्या भ्रमणध्वनीवर वरचेवर येऊं लागल्या आहेत. माती नको, पाणी नको, पावसाची भीति नको. कंद ताटांत मांडून ठेवावे आणि दिवाळीच्या सुमारास सोन्याच्या मोलाचें केशर वेंचावें, असा ह्या जाहिरातींचा सूर असतो. ज्यांच्या वाड्यांतील एखादी खोली रिकामी पडली आहे, ज्यांचा मुलगा शिकून घरीं परत आला आहे व ज्यांच्या गांठीं उसाचे किंवा द्राक्षांचे चार पैसे आहेत, त्यांचें मन अशा बोलण्यानें वळणें स्वाभाविक आहे. उलटपक्षीं, हा सारा प्रकार निव्वळ फसवणुकीचा आहे, काश्मिराबाहेर केशर होणेंच शक्य नाहीं, असें छातीठोकपणें सांगणारेहि पुष्कळ भेटतात. आमच्या मतें ह्या दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत निम्में निम्में सत्य आहे. बंद खोलींत केशरास फूल येतें, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु फूल येणें व कंद पोसणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी असून, धंद्याचा नफातोटा मुख्यतः दुसरीवर अवलंबून असतो. एवढें एक तत्त्व नीट ध्यानांत आल्यास कोणाहि सुज्ञ शेतकऱ्यास आपला निर्णय स्वतः करतां येईल. तें स्पष्ट करणें हाच ह्या लेखाचा हेतु आहे.

केशराची ओळख.— केशर ही वीतभर उंचीची, गवतासारख्या अरुंद पानांची कंदवर्गीय वनस्पति आहे. जमिनींत असणारा तिचा कंद वरून लहान कांद्यासारखा दिसतो. परंतु कांद्याप्रमाणें त्यास आंत पाकळ्या नसतात, तो अळकुडीसारखा भरीव असतो व त्यावर तंतुमय साल असते. फूल जांभळ्या रंगाचें असून त्यास सहा पाकळ्या, तीन पिवळे पुंकेसर व स्त्रीकेसराचे तीन तांबडे तंतु असतात. बाजारांत आपण जें केशर घेतों तें हेच तीन तांबडे तंतु होत. एका फुलांत तीनच तंतु, आणि तेहि वाळल्यावर कांहीं मिलिग्रॅम वजनाचे. ह्यामुळें एक किलो वाळलेल्या केशरासाठीं अदमासें दीड लाख फुलें हातानें खुडावीं लागतात. केशर महाग असण्याचें कारण हेंच आहे.

ह्या वनस्पतीचा आणखी एक धर्म शेतकऱ्यानें पक्का लक्षांत ठेवावा. इतर झाडांच्या पेशींत गुणसूत्रांचे सामान्यतः दोन संच असतात, तर केशराच्या पेशींत तीन असतात. म्हणून केशर वांझ आहे, त्यास बी धरत नाहीं. हळदीप्रमाणें त्याची वाढ केवळ कंदांच्या बेण्यापासूनच होते. तेव्हां “केशराचें बी” म्हणून जो कोणी पुडी विकावयास आणील तो केशर विकत नाहीं, हें निश्चित समजावें. “अमेरिकन केशर” ह्या नांवाखालीं जें बी आपल्या प्रांतांतहि विकलें गेलें आहे, तें करडईचें होय. करडईच्या फुलाच्या पाकळ्या वाळल्या म्हणजे तांबूस दिसतात व पाण्यास रंगहि देतात. परंतु ज्या सोलापूर व मराठवाड्याकडील शेतकऱ्यांच्या पिढ्या करडई पिकविण्यांत गेल्या, त्यांनींच ती सोन्याच्या भावानें विकत घ्यावी, ही मोठी खेदाची गोष्ट आहे.

काश्मिरांतील रीत.— खोलींतील लागवडीची युक्ति कोठून निघाली हें पाहिल्यास तिच्या मर्यादाहि आपोआप कळून येतात. काश्मिरांत पांपूरच्या आसपास ‘करेवा’ नांवाच्या उंच, सपाट व निचऱ्याच्या जमिनींवर पूर्वापार केशर होत आलें आहे. तेथें उन्हाळ्याच्या अखेरीस कंद लावतात, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत फुलें येतात, त्यानंतर पानें वाढतात व थंडी आणि बर्फ सोसून तीं एप्रिल-मे पर्यंत हिरवीं राहतात. ह्याच पांच-सहा महिन्यांत जुना कंद झिजून त्याच्या माथ्यावर नवे कंद धरतात. मग पानें वाळतात व कंद विश्रांति घेतो.

फुलांपूर्वीचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरांतील पाऊस वेळेवर न आल्यास शेतांतील फूल कमी येतें. अलीकडे असें वारंवार होऊं लागलें. १९९६-९७ सालीं काश्मिरांत केशराखालीं सुमारें ५,७०० हेक्टर जमीन होती, ती २००९-१० पर्यंत ३,७०० हेक्टरांच्या आसपास आली. २०१०-११ सालीं सरकारनें राष्ट्रीय केशर अभियान सुरू केलें व २०२० सालीं काश्मिरी केशरास भौगोलिक मानांकनहि मिळालें. तथापि पावसाचा लहरीपणा कोणास आवरतां येत नाहीं. म्हणून तेथील शेर-ए-काश्मीर कृषि विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं शेतकऱ्यांस असें सुचविलें कीं, कंद शेतांतून काढून घरांतील खोलींत ताटांत मांडावे, तेथेंच फुलें घ्यावीं आणि फुलें संपतांच कंद पुन्हां शेतांत लावावे. ह्या शेवटच्या शब्दांकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. काश्मिरी शेतकऱ्याच्या खोलीच्या मागें त्याचें थंड शेत उभें असतें. खोली फक्त महिना-दीड महिना फुलांस आसरा देते. कंद पोसण्याचें काम शेतच करतें. आपल्याकडे जाहिरात येते ती खोलीची. त्या मागील शेताचा उल्लेख तींत नसतो.

मातीवांचून फूल कसें येतें?— ह्यांत कांहीं चमत्कार नाहीं. माळ्यावर ठेवलेला कांदा पावसाळ्यांत मातीपाण्यावांचून कोंब काढतो, हें प्रत्येक घरांतील बायामाणसें पाहतात. कांदा तो कोंब स्वतःच्या पोटांतील सांठ्यावर काढतो, आणि कोंब वाढला कीं कांदा पोकळ पडतो. केशराच्या कंदाचें तसेंच आहे. उन्हाळ्यांत पानें वाळल्यावर कंद वरून निजलेला दिसला तरी त्याच्या आंत फुलाचे गाभे बनत असतात. ह्या क्रियेस २३ ते २७ अंश सेल्सिअस उष्णमान दोन महिने किंवा अधिक काळ लागतें. उष्णमान ३० अंशांवर राहिल्यास गाभे बनणें मंदावतें व बनलेले कांहीं करपतात. गाभे पूर्ण झाल्यावर हवा थंड होऊन १७ अंशांच्या आसपास आली कीं कोंब सरसावतो व फूल उमलतें. म्हणजे आधीं ऊब व मग गारवा, हा क्रम खोलींत साधला कीं फूल आलेंच.

खोलींतील कामें.— ज्यांस हा प्रयोग करावयाचा असेल त्यांच्या उपयोगासाठीं कामाचा क्रम थोडक्यांत देतों.

पहिलें काम बेण्याची निवड. केशराचा कंद ८ ग्रॅमांपेक्षां हलका असल्यास त्यास फूल येण्याचा संभव फार थोडा असतो. १० ग्रॅमचा कंद एक-दोन फुलें देतो, त्याहून मोठा अधिक देतो. विकणारा मात्र सरसकट किलोवर विकतो. एका किलोंत १० ग्रॅमचे १०० कंद बसतात, तसेच ५ ग्रॅमचे २०० बसतात. पहिल्या किलोपासून फुलें मिळतील, दुसऱ्यापासून जवळजवळ कांहींच नाहीं. म्हणून बेणें घेतांना किलोचा भाव न विचारतां एका किलोंत कंद किती, हें विचारावें व आपल्या समोर मोजून घ्यावें. कापलेले, मऊ पडलेले किंवा बुरशीचे डाग असलेले कंद तत्काळ वेगळे काढावे. कंदकुज हा ह्या पिकाचा मुख्य रोग असून एक कुजका कंद सबंध ताटास बाधतो. सुटी झालेली साल काढून, बुरशीनाशकाच्या द्रावणांत वेष्टनावर छापलेल्या प्रमाणानें बुडवून, कंद सावलींत पूर्ण सुकवावे व मगच ताटांत कोंब वर करून एकेरी थरानें मांडावे.

दुसरें काम हवेचें. सप्टेंबरअखेरपर्यंत खोली २३ ते २७ अंशांवर राहूं द्यावी. कोंब पांढरे दिसूं लागले म्हणजे एकदम गारठा न करतां आठ-दहा दिवसांत पायरीपायरीनें उष्णमान १७ अंशांच्या आसपास आणावें. घरगुती वातानुकूलन यंत्रें सामान्यतः १६ अंशांच्या खालीं जात नाहींत. तेव्हां तीं ह्या कामीं आपल्या शक्तीच्या टोकावर रात्रंदिवस चालतात, हें वीज व दुरुस्ती ह्यांचा अंदाज करतांना विसरूं नये. शिवाय असें यंत्र हवा कोरडी करतें, आणि केशरास फुलांच्या दिवसांत शेंकडा ८० ते ८५ इतकी आर्द्रता हवी असते. ह्यासाठीं पाण्याची वाफर सोडणारें यंत्र ठेवावें लागतें. परंतु कंदांवर पाणी सांचूं देऊं नये व एक लहान पंखा सतत चालूं ठेवावा. दमट व कोंडलेली हवा म्हणजे बुरशीस आमंत्रण होय. भिंती व छत ह्यांस उष्णतारोधक अस्तर नसेल तर आपल्या ऑक्टोबरच्या उन्हांत पत्र्याखालची खोली थंड ठेवणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरण्यासारखेंच आहे. उंदरांचा बंदोबस्तहि आधींच करावा. कंद त्यांस फार प्रिय असतात.

उजेडाविषयीं लोकांत बराच घोंटाळा दिसतो. फुलांपर्यंतच्या काळांत कंद आपल्याच सांठ्यावर जगत असल्यामुळें मंद उजेड पुरतो. तेव्हां महागड्या जांभळ्या दिव्यांवांचून फूल येत नाहीं, हें म्हणणें खरें नव्हे. दिव्यांची खरी गरज फुलांनंतर, पानें वाढूं लागल्यावर पडते.

तिसरें काम वेंचणी व वाळवणी. फुलें सकाळीं, पूर्ण उमलण्यापूर्वीं खुडावीं व त्याच दिवशीं तांबडे तंतु हातानें वेगळे करावे. ओल्या तंतूंचें वजन वाळल्यावर पांचांत एक राहतें. केशराचा वास हा मुख्यतः वाळवणींतच तयार होतो. म्हणून ती घाईनें उरकूं नये. सौम्य उष्णतेच्या वाळवणी यंत्रांत, साधारणतः ४५ ते ५५ अंशांवर, तंतु कुरकुरीत होईपर्यंत ठेवावे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें अखंड तंतूंत ओलावा शेंकडा १२ पेक्षां अधिक चालत नाहीं. वाळलेलें केशर घट्ट झांकणाच्या कांचेच्या बाटलींत, अंधाऱ्या जागीं ठेवावें. उजेडानें रंग उतरतो.

फुलांचा हिशेब.— आतां मुख्य विषयाकडे वळूं. बाजारभाव दर वर्षीं बदलतात, म्हणून आम्ही येथें रुपये न मांडतां केवळ वजनें मांडतों; रुपये ज्यानें त्यानें आपल्या गांवच्या भावानें घालावे. समजा, कोणी प्रत्येकीं १० ग्रॅमचे १०० किलो कंद घेतले. म्हणजे १०,००० कंद झाले. दर कंदास सरासरी दीड फूल धरल्यास १५,००० फुलें येतील. दीडशें फुलांस एक ग्रॅम ह्या मानानें वाळलेलें केशर १०० ग्रॅम होईल. म्हणजे एका किलो चांगल्या बेण्यास एक ग्रॅम केशर, हें सोपें परिमाण होय. जो कोणी पहिल्याच वर्षीं ह्याच्या तिप्पट-चौपट सांगेल, त्यास हाच गुणाकार आपल्यासमोर करून दाखविण्यास सांगावें.

कंदांचा हिशेब.— फुलें संपलीं म्हणजे जाहिरातींतील गोष्ट संपते. शेतकऱ्याची चिंता मात्र तेथूनच सुरू होते. दहा हजार झिजलेले कंद ताटांत पडून आहेत, त्यांस पानें फुटत आहेत. ह्या पानांस पांच महिने भरपूर उजेड, गारवा व निचऱ्याची ओलसर माती मिळाली तरच मेमध्यें नवे भरदार कंद हातीं येतील. नाहीं मिळाली तर सुपारीएवढे बारीक कंद मिळतील, ज्यांस पुढील दिवाळींत फूल येणार नाहीं. ह्या वेळीं शेतकऱ्यापुढें तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग, जुने कंद टाकून दर वर्षीं नवें बेणें घेण्याचा. असें केल्यास १०० किलो बेण्याची सबंध किंमत १०० ग्रॅम केशरावर पडते. हा शेतीचा धंदा नसून बेणें विकणाऱ्याचा धंदा झाला.

दुसरा मार्ग, दिव्यांवर पानें पोसण्याचा. दहा हजार कंद दाट मांडले तरी सर्व मांडण्या मिळून सुमारें २० चौरस मीटर जागा व्यापतात. दर चौरस मीटरास १०० वॉट एवढाच माफक हिशेब धरला तरी २,००० वॉटचे एल्. ई. डी. दिवे झाले. ते दररोज १० तास लावल्यास २० युनिट वीज, आणि १५० दिवसांस ३,००० युनिट. म्हणजे प्रत्येक ग्रॅम केशरावर केवळ दिव्यांची ३० युनिट वीज चढली. ह्याशिवाय दिव्यांची उष्णता खोलीबाहेर काढण्यास जी वीज लागेल ती वेगळी. सूर्य जें फुकट देतो तें विजेच्या मीटरवर विकत घेणें किती अवघड आहे, हें ह्यावरून दिसेल.

तिसरा मार्ग, फुलें संपतांच कंद माती, रेती व कुजलेलें शेणखत ह्यांच्या मिश्रणानें भरलेल्या पिशव्यांत किंवा वाफ्यांत लावून बाहेर उघड्यावर ठेवण्याचा. नाशिक, पुणें, जुन्नर ह्या बाजूस डिसेंबर-जानेवारींत रात्रीं चांगला गारठा असतो व आकाश निरभ्र असतें. तेव्हां ह्या मार्गांत अर्थ आहे. परंतु फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापूं लागतें, आणि काश्मिरांत एप्रिल-मे पर्यंत टिकणारीं पानें आपल्याकडे लौकर पिवळीं पडणार हें उघड आहे. पानांचे दोन महिने गेले कीं कंदाचें तितकें पोषण गेलें. छायेच्या जाळीनें व हलक्या पाण्यानें हा काळ कांहींसा लांबवितां येईल. पण कोंकणांतील दमट उष्ण हवेंत किंवा विदर्भांतील तापत्या उन्हांत तितकी आशाहि धरूं नये.

प्रयोग कसा करावा?— ह्यावरून केशराचा प्रयोग कोणीं करूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. द्राक्षें व डाळिंबें ह्यांचे मळे आपल्याकडे धाडसी माणसांनींच उभे केले. परंतु धाडस बेताचें असावें व त्यास वहीची जोड असावी. कर्ज काढून खोली बांधण्यापूर्वीं केवळ ५ किलो, म्हणजे ५०० कंद आणावे. ते एका चौरस मीटरांत मावतात. घरांत ज्या खोलींत आधींच वातानुकूलन यंत्र आहे तिच्या एका कोपऱ्यांत हें काम होतें. उष्णमान व आर्द्रता दाखविणारें एक लहान यंत्र भिंतीस लावावें. फुलें सुमारें ७५० व केशर ५ ग्रॅम, एवढ्याची अपेक्षा ठेवावी.

वहींत तीन वेळां नोंद करावी. ऑगस्टांत कंदांची संख्या व एकूण वजन. नोव्हेंबरांत फुलांची संख्या व वाळल्या केशराचें वजन. आणि मेमध्यें ८ ग्रॅम किंवा त्याहून जड अशा नव्या कंदांची संख्या. ह्यांपैकीं तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची होय. मेमध्यें असे ५०० किंवा अधिक कंद निघाले, तर आपलें बेणें आपणच राखूं शकतों असें सिद्ध झालें. मग प्रयोग वाढविण्यास हरकत नाहीं. परंतु २०० च निघाले, तर ३०० कंद पुन्हां विकत घ्यावे लागणार. त्यांची किंमत ५ ग्रॅम केशरावर चढवून पाहावी व मग स्वतःस विचारावें. असें दोन वर्षें करावें. पहिल्या वर्षाचें फूल हें काश्मीरच्या मातीनें दिलेलें असतें. कारण तो कंद तेथें पोसलेला असतो. आपल्या खोलीचें व आपल्या हाताचें फूल तें दुसऱ्या वर्षाचें.

येथेंच आमच्या सांगण्याचें सार आहे. पहिल्या दिवाळींत जांभळीं फुलें पाहून शेजारीपाजारी वाखाणतील, छायाचित्रें निघतील आणि खोली दुप्पट करण्याची इच्छा होईल. तो क्षण सर्वांत धोक्याचा आहे. जुनीं माणसें उसाचा मळा पाहावयास गेलीं म्हणजे उभ्या उसापेक्षां खोडव्याकडे आधीं पाहत. मालकाची खरी मेहनत खोडव्यांत दिसते असें तीं म्हणत. केशराच्या खोलींतहि पाहुण्यानें ऑक्टोबरांत न जातां मेमध्यें जावें, आणि फुलें न पाहतां कंद तराजूंत घालून पाहावे. जो विकणारा आपले मेमधील कंद तराजूंत घालून दाखवील, त्याचें म्हणणें अवश्य ऐकावें. जो केवळ फुलांचीं चित्रें दाखवितो, त्यास नमस्कार करून परत यावें.